दोन बोटं मोकळी जागा

मुलाचा घटस्फोट झाला आणि तो दोन पेट्या नि एक फिरती खुर्ची घेऊन आमच्याकडे परत राहायला आला, त्याच वर्षी बायकोने अंथरूण धरलं. यातलं आधी काय झालं हे आता नीट सांगता येत नाही. बायको म्हणायची, तो आला म्हणून मला निवांत आजारी पडता आलं. मुलगा म्हणायचा, आई आजारी पडली म्हणून मी आलो, माझं मोडलं म्हणून नाही. दोघंही आपापल्या परीने खोटं बोलत होते आणि मी ऐकून घेत होतो. म्हणजे त्यांच्या ओठांकडे बघत होतो. चाळीस वर्षं पत्र्याच्या कारखान्यात काढल्यावर माझ्या कानांत जे उरलं आहे त्याला ऐकणं म्हणत नाहीत. जाड आवाज पोचतात. दार आपटलेलं कळतं, जड वस्तू पडलेली कळते, मुलगा तोंड माझ्याकडे करून मोठ्याने बोलला की कळतं. बारीक आवाज माझ्यापुरते केव्हाच मेले आहेत. घड्याळ, नळाची धार, पंख्याची घरघर आणि बायकोचं पुटपुटणं, हे सगळं मी नुसतं हललेलं बघतो.

एका दुपारी मुलगा माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "बाबा, उद्या माझ्याबरोबर बाजारात चला. एक कॅबिनेट निवडायचंय." मला वाटलं कपाट. तो म्हणाला, कपाट नाही, सर्व्हरचं कॅबिनेट, म्हणजे ज्या पेटीत कॉम्प्युटरचे भाग बसवतात ती पेटी. मुलगा एका कंपनीत हेच काम करतो. लोकांची माहिती ज्या यंत्रांत साठवलेली असते ती यंत्रं जिवंत ठेवायची. आता त्याला तसलंच एक लहानसं यंत्र घरी बांधायचं होतं. मी विचारलं, "घरात कसली माहिती आहे आपल्या?" तो म्हणाला, "आईचा आवाज. ऐंशी तास झालेत, फोनमध्ये मावत नाहीत. आणि ते परक्याच्या गोदामात ठेवायचे नाहीत मला." ऐंशी तास, असं तो सहज म्हणाला आणि पाणी प्यायला आत गेला. गेले पाच महिने तो रोज दुपारी फोन आईच्या उशाशी ठेवतो, दार लोटून घेतो आणि बाहेर आपल्या कामाला बसतो, हे मी बघत होतो. दाराच्या फटीतून तिचे ओठ हलताना दिसायचे. मला वाटायचं, लहानपणीचं काही सांगत असेल, नाहीतर जप करत असेल. ऐंशी तास. माझ्याशी ती अठरा वर्षांत सगळं मिळून ऐंशी तास बोलली नसेल.

"शांत पाहिजे आणि लहान पाहिजे," दुसऱ्या दिवशी बाजाराकडे जाताना मुलगा सांगत होता. इंटरनेटची तार ज्या भिंतीतून आमच्या घरात येते ती भिंत बायकोच्या खोलीची. तिच्या पलंगाच्या पायथ्याशी एक फळी आहे, तिच्यावरच ते यंत्र बसणार होतं. अंथरूण धरल्यापासून बायकोचे कान फार तिखट झाले होते. शेजारच्या घरात कोणी चमचा ठेवला तरी ती डोळे उघडायची. मुलाने तिला आधीच विचारलं होतं, तर ती म्हणाली होती, ठेव, पण घरघर नको. "मला का नेतोस?" मी विचारलं. "पत्र्यातलं तुम्हाला कळतं," तो म्हणाला, "आणि तुम्ही घरात बसून काय करणार?" दुसरं कारण खरं होतं. दोन्ही कारणं एका वाक्यात सांगायची सवय त्याने आईकडून उचलली आहे.

दुकान बोळासारखं लांबट होतं. दोन्ही बाजूंना रिकामी कॅबिनेटं लावलेली, बऱ्याचशांची दारं काढलेली, सोलून ठेवल्यासारखी. दुकानदाराच्या चष्म्याची एक काडी तारेने बांधलेली होती. मुलाने त्याला काय काय बसवायचंय ते सांगितलं, दोन हार्ड डिस्क, एक लहान बोर्ड, एकच मोठा, हळू फिरणारा पंखा. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आमच्या बाबांना ऐकू येत नाही, म्हणून शांत कॅबिनेट निवडायला त्यांना आणलंय." दुकानदार हसला. मला म्हणाला, "बसा काका. आमच्याकडे रंग निवडायला पण असेच येतात." मीही हसलो. हसताना मी त्याच्या मागच्या कॅबिनेटकडे बघत होतो. त्याच्या कोपऱ्यातलं वेल्डिंग जळलेलं होतं आणि कड दुमडायची सोडून नुसती घासली होती. असला माल माझ्या हाताखालच्या माणसाने केला असता तर मी त्याच्याच पाठीवर तो घासला असता.

पहिलं कॅबिनेट त्याने दाखवलं ते आतून स्पंज लावलेलं, जाड दाराचं, घरातल्या धान्याच्या कोठीएवढं. "हे एकदम शांत," तो म्हणाला. मुलगा म्हणाला, "हे ठेवायचं तर आईला बाहेर काढावं लागेल." म्हणाला आणि लगेच पुढच्याकडे वळला. दुसरं लहान होतं, पण चारी बाजूंनी जाळी, हातात घेतल्यावर पिळवटत होतं. मी म्हटलं, "हा पत्रा नाही, वेष्टन आहे. यात पंखा बसवला की हे स्वतःच गायला लागेल." तिसरं गडद राखाडी होतं, चपलांची दोन खोकी एकावर एक ठेवावीत एवढं. मी बोटाच्या पेराने टकटक केली. वीस गेजचा, चांगला जाड पत्रा, कडा आत वळवलेल्या, झाकण सरकवून बसणारं. मी दुकानदाराला म्हटलं, यात पंखा लावून चालू करा. त्याने केला. मी खिशातून सुतारी पेन्सिल काढली, तिचं एक टोक झाकणावर टेकवलं आणि दुसरं दातांत धरलं. दुकानातली दोन गिऱ्हाइकं माझ्याकडे बघायला लागली. मुलगा त्यांना म्हणाला, "चव बघतायत."

हे मला मोठ्या भावाने शिकवलं होतं. मला कारखान्यात त्यानेच लावलं. पहिल्याच आठवड्यात तो म्हणाला, इथे दहा वर्षांत तुझे कान जातील, तेव्हा आत्तापासून दातांनी ऐकायला शीक. हातोड्याचा लाकडी दांडा पत्र्याला टेकवायचा, दुसरं टोक चावायचं आणि डोळे मिटायचे. पत्रे जोडणारं रिबीट सैल असेल तर दाढेत मुंगी चावल्यासारखं होतं. घट्ट असेल तर कवटीत नुसती एक सपाट थंडी भरते. आम्ही हवेचे रस्ते बांधायचो. मोठमोठ्या इमारतींच्या छतांतून पत्र्याच्या नळ्या जातात, त्यांतून थंड हवा आत येते नि तापलेली बाहेर जाते, ते आमचं काम. भाऊ दोघांचं डोकं घेऊन जन्मला होता. घरात एकालाच शाळेत घालण्याएवढी ऐपत होती, तर त्याला घातलं. तो लिहायचा, वाचायचा, हिशेब करायचा, आणि मला धाकट्या म्हणून हाक मारायचा ती अशी की हातातलं काम खाली पडावं. पुढे त्याला दूरच्या शहरात चांगली जागा मिळाली, तो गेला, आणि त्याची पत्रं यायला लागली. पेन्सिल दातांत धरून मी डोळे मिटले. कवटीत सपाट थंडी भरली. "हेच," मी म्हणालो.

दुकानदाराने ते कापडाने पुसलं आणि खाली-मागे फिरवून दाखवलं. "चांगलं निवडलंत काका. पण ही खालची फट आणि मागची जाळी मोकळी राहिली पाहिजे. भिंतीपासून दोन बोटं तरी जागा. लहान पेटी आहे, गरम हवेला जायला हाच रस्ता. कोंडलं की डिस्क शिजल्याच समजा." हे तो माझ्याशी बोलत होता, मोठ्याने, एकेक शब्द सोडवून, बहिऱ्याशी बोलतात तसं. मी म्हटलं, "मी चाळीस वर्षं हेच केलंय." म्हणजे पुढे जे झालं त्याला मला कळलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

मुलाने एका रविवारी ते बांधलं. सगळे भाग जेवणाच्या टेबलावर मांडले होते आणि तो लहानपणी जीभ बाहेर काढून चित्र रंगवायचा तशी जीभ बाहेर काढून स्क्रू पिळत होता. मग ते फळीवर ठेवलं, भिंतीपासून माझी दोन बोटं घालून अंतर मोजून. चालू केलं. मी बायकोकडे बघितलं, मुलानेही बघितलं. ती बराच वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "काही येत नाही. छान आहे." मुलाच्या चेहऱ्यावर घटस्फोटानंतर पहिल्यांदा काहीतरी सैल झालं. त्याने फोनमधले सगळे आवाज त्यात टाकले आणि फोन रिकामा केला. यंत्राला जोडलेल्या छोट्या स्क्रीनवर मला यादी दाखवली. प्रत्येकाला त्याने नाव दिलं होतं, तारीख आणि विषय. मी विचारलं, "ऐकलंस सगळं?" तो म्हणाला, "नाही. पहिलं वाक्य तेवढं ऐकतो, नाव द्यायला. बाकीचं आत्ता ऐकवत नाही. नंतर ऐकणार." नंतर म्हणजे केव्हा ते आम्हा दोघांनाही कळलं. बायकोलाही कळलं असणार, ती तीन हातांवर होती.

यादी मी हळूहळू वाचली. मी अक्षरं शिकलो छप्पन्नाव्या वर्षी. कारखान्याच्या मागच्या खोलीत संध्याकाळी वर्ग भरायचा, निवृत्त झालेली एक मास्तरीण शिकवायची. आम्ही सात जण म्हातारे पाट्यांवर वाकून बसायचो. मला अजूनही शब्द अख्खा दिसत नाही, एकेक अक्षर पत्र्याच्या तुकड्यासारखं उचलून जोडावं लागतं. आजोळ. विहीर. शाळेतल्या मैत्रिणी. लग्न. बाळंतपण. आणि मग, खालून चौथं, काकांची पत्रं. मी ते दोनदा जोडून बघितलं. तेच होतं.

भावाची पत्रं बायको वाचून दाखवायची. ती सातवी शिकलेली. जेवणं झाली की ती पत्र टेबलावर पसरायची, ओळीखाली बोट धरायची आणि वाचायची. मी तिच्या बोटाकडे बघायचो. कधी कधी ते बोट तीन ओळी ओलांडून खाली उडी मारायचं. मला वाटायचं, वाचणं असंच असतं. इकडे सगळं ठीक आहे, ती वाचायची. कामाचा ताण आहे पण तब्येत उत्तम. येण्याची घाई करू नये, बाळाला जपावं. मुलगा तेव्हा दोन महिन्यांचा होता. मग एके दिवशी भावाच्या शेजाऱ्याचं पत्र आलं, भाऊ गेल्याचं, ते तिने बरोबर वाचलं. मी पोचलो तेव्हा त्याची खोली धुऊन दुसऱ्याला दिलेली होती. चोवीस वर्षांनी, मास्तरणीच्या वर्गात जोडाक्षरं संपली त्या आठवड्यात, मी माळ्यावरचा पत्र्याचा डबा काढला. नुसता सराव करावा म्हणून. तीन पत्रं वाचायला मला अख्खी सकाळ लागली. मग मी ती घडी घालून परत ठेवली, खाली आलो आणि जेवलो.

त्या दिवसापासून मी तिला काही बोललो नाही. बोलावं असं रोज वाटायचं आणि रोज दुपारपर्यंत त्यातली धार जायची. मग मला दुसरंच सुचलं. मला वाचता येत असूनही मी पेपर तिच्यापुढे सरकवायला लागलो. "वाच गं जरा. चष्मा सापडत नाही." चष्मा माझ्या खिशात असायचा आणि तिला तो दिसत असायचा. ती वाचायची. मी तिच्या बोटाबरोबर डोळे फिरवायचो. एक शब्द, एक स्वल्पविराम तिने गाळला नाही. कधी मी म्हणायचो, "निधनवार्ता वाच," आणि ती त्याही वाचायची, वय, मागे कोण आहे, अंत्ययात्रा किती वाजता. तिचा आवाज कमी पोचायला लागला तसा मी नुसते ओठ बघायचो. पण पेपर सरकवणं थांबवलं नाही. शेजारीण एकदा मुलाला म्हणाली, तुझ्या आईबाबांसारखं जोडपं बघायला मिळत नाही, या वयात एकमेकांना पेपर वाचून दाखवतात.

यंत्र बसवल्यावर चौथ्या दिवशी मुलगा औषधं आणायला गेला होता. मी बायकोच्या खोलीत गेलो. ती जागी होती. मी फळीसमोर स्टूल ओढलं, मुलाने शिकवलं होतं तसं बटण दाबलं, यादी उघडली आणि खालून चौथ्या नावावर बोट ठेवलं. हेडफोन कानांवर घालून उपयोग नव्हता. मी ते कानामागच्या हाडावर दाबून धरले आणि आवाज होता तेवढा मोठा केला. माझी पाठ तिच्याकडे होती. आधी काहीच कळेना, नुसती खरखर, मग हाडातून तिचा आवाज वर आला. कित्येक वर्षांनी मी तिचा आवाज ऐकत होतो. तरुण वाटत होता.

"मोठ्या भावजींची पत्रं मी यांना नीट वाचून दाखवली नाहीत," ती सांगत होती. "पहिल्यात लिहिलं होतं, छातीत दुखतं, एकदा येऊन जा. मी वाचलं, सगळं ठीक आहे. दुसऱ्यात लिहिलं होतं, आता जिना चढवत नाही. खाली लिहिलं होतं, सूनबाई, हे तूच वाचत असशील, तर त्याला सांग. तिसरं आलंय हे मी सांगितलंच नाही. तू दोन महिन्यांचा होतास. भावजींनी हाक मारली की यांना घर दिसायचं नाही. मला वाटलं, हे गेले तर तिकडचेच होतील. वाटलं, एक महिना जाऊ दे. महिना गेला आणि तेही गेले." मग, "पुढे हे वाचायला शिकले. डबा उघडला ते मला त्याच दिवशी कळलं. मी पत्रं उलटी घालून ठेवायचे, यांनी सुलटी ठेवली. म्हटलं, आज बोलतील. म्हटलं, उद्या बोलतील. मारलं असतं तर मी मार खाल्ला असता. घरातून काढलं असतं तर गेले असते. यांनी काही केलं नाही. रोज पेपर घेऊन समोर बसतात आणि म्हणतात, वाच. लोकांना वाटतं, किती सालस माणूस. सालस नाहीत रे ते. अठरा वर्षं मला खातायत, थोडं थोडं, चवीने."

चाळीस मिनिटं होतं ते. मी शेवटपर्यंत ऐकलं. हेडफोन काढून खाली ठेवले तेव्हा कानामागचं हाड दुखत होतं. वळलो तर ती माझ्याकडेच बघत होती, डोळे न हलवता, पत्र वाचून झाल्यावर माझ्याकडे बघायची तशी. खोटं नव्हतं त्यात काही. चवीने, हा शब्दसुद्धा बरोबर होता. मला राग आला तो एवढ्याचाच की इतकी वर्षं आपण एकटेच खेळत आहोत असं मी समजत होतो. ती म्हणाली, "पाणी द्या." मी दिलं. ती दोन घोट प्यायली आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

दुसऱ्या दिवशी मुलगा चार दिवसांसाठी गेला. त्याचं आणि त्याच्या बायकोचं जे घर होतं ते रिकामं करून किल्ल्या द्यायच्या होत्या. जाताना मला म्हणाला, "यंत्राला हात लावू नका. आईला हाक मारायला लावू नका, स्वतः जाऊन बघत जा." तो जिना उतरला असेल नसेल, बायकोने पलंगाच्या दांडीवर वाटी आपटली. मी आत गेलो. ती फळीकडे बोट करून म्हणाली, "आवाज येतोय."

मी तिच्या ओठांकडे बघत राहिलो. "कालपर्यंत येत नव्हता ना?"

"आज येतोय. घरघर. डोक्यात जातोय."

मला ऐकू येत नाही, मला काय कळणार. ती सांगेल ते खरं धरून चालणं हीच आमच्या घरची रीत होती, आधी पत्रांची आणि आता या पेटीची. मी माळ्यावरून जुन्या सामानाची पिशवी काढली. तिच्यात नमदा होता, लोकर दाबून करतात ती जाड पट्टी. नळ्यांचे सांधे वाजू नयेत म्हणून आम्ही ती मध्ये घालायचो. त्याचा एक तुकडा कापून मी मागच्या जाळीच्या अर्ध्या भागावर बसवला. "आता?" तिने ऐकल्यासारखं केलं. "कमी झालाय. पण आहे." दुसऱ्या दिवशी ती तेच म्हणाली, मी उरलेली जाळी झाकली. मला ते करताना बरं वाटत होतं हे सांगितलं पाहिजे. हात पूर्वीसारखे चालत होते. कड कापायची, कोपऱ्यात चीर द्यायची, अंगठ्याने दाबत न्यायचं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, खालून येतोय. मी पेटी आडवी केली आणि खालची फट बुजवली. ऊन खिडकीतून थेट फळीवर येत होतं. "पडदा ओढू का?" मी विचारलं. ती म्हणाली, "राहू दे. ऊन बरं वाटतं."

चौथ्या दिवशी सकाळी तिने वाटी आपटली नाही, मीच गेलो. फळीजवळ उभा राहिलो आणि पेटीवर तळवा ठेवला, तो लगेच काढावा लागला. पत्रा किती तापला म्हणजे किती, हे माझ्या हाताला कळतं. मग मी पेन्सिल काढली आणि दातांत धरून टेकवली. थंडी नाही, मुंगी नाही, काही नाही. पंखा थांबला होता. डिस्क फिरत नव्हत्या. नुसतं तापलेलं एक खोकं फळीवर बसलं होतं. मी पेन्सिल खिशात ठेवली आणि बायकोकडे वळलो. "आता येतोय आवाज?"

ती माझ्याकडे बघत होती. मी दातांनी ऐकतो हे तिला लग्नापासून माहीत आहे. तिने घाई केली नाही.

"येतोय अजून," ती म्हणाली.

तिचं सगळं माझ्यापुढे उघडं पडलं, पहिल्यांदाच बोट न उडवता वाचल्यासारखं. तिला जे सांगायचं होतं ते मला सांगायचं होतं. मुलगा नाव देईल, मी नाव वाचेन, हे धरून ती बोलली होती. माझं ऐकून झालं होतं. आता ती गेल्यावर मुलगा ते ऐकणार, आईने काय केलं ते ऐकणार आणि बापाने काय केलं तेही, एवढंच उरलं होतं, आणि ते आम्हा दोघांनाही नको होतं. त्यातलं एक नाव कसं पुसायचं हे मला येत नव्हतं आणि ज्याला येत होतं त्याला विचारता येत नव्हतं. चाळीस मिनिटांसाठी ऐंशी तास. तिचं आजोळ, ती विहीर, त्या मैत्रिणी, मुलाचं बाळपण तिच्या तोंडून. मी उभा राहून हिशेब केला नाही. मी नमद्याचा उरलेला मोठा तुकडा घेतला आणि पेटीच्या अंगावर सगळीकडून गुंडाळला, तापलेल्या मुलाला गुंडाळतात तसा, आणि तारेने आवळला. संसारात आम्ही दोघांनी मिळून, एकमेकांचा शब्द न मोडता केलेलं असं दुसरं काम मला आठवत नाही.

मुलगा संध्याकाळी आला. हातपाय धुऊन आईच्या खोलीत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. मी दारात गेलो तेव्हा तो जमिनीवर बसला होता, पेटी मांडीवर, झाकण उघडलेलं. नमद्याच्या पट्ट्या त्याने बाजूला सोलून ठेवल्या होत्या. त्याने दोन्ही डिस्क दुसऱ्या यंत्राला जोडून बघितल्या, पुन्हा बघितल्या, एक कानाशी धरून हलवली. मला कसलाच आवाज आला नाही, त्याला आला असावा. "दुसरी प्रत आज काढणार होतो," तो म्हणाला, कोणाला उद्देशून नाही. "ऑफिसात मी तीन-तीन प्रती ठेवतो. तापलं की फोनवर कळतं, तेसुद्धा लावायचं राहिलं." मग त्याने मान वर केली. "बाबा, हे कोणी केलं?"

पलंगावरून बायको म्हणाली, "तुझ्या बाबांनी." तिचे ओठ मला स्पष्ट दिसले. "त्यांना बिचाऱ्यांना ऐकू येत नाही. त्यांना काय कळणार."

"तुम्ही हवेच्या नळ्या बांधायचात," मुलगा मला म्हणाला. तो ओरडला नाही, तरी मला शब्द न् शब्द पोचला. "दुकानदाराने सांगितलं होतं. माझ्यासमोर सांगितलं होतं. तुम्हाला कोणी म्हटलं होतं का, की आवाज येतोय म्हणून?"

मी तिच्याकडे बघितलं. तिनेही माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत विनवणी नव्हती, ती नुसती वाट बघत होती, अठरा वर्षं बघितली तशी. बोलायला याहून सोपी वेळ मला परत मिळाली नसती. एका वाक्याचं काम होतं.

"नाही," मी म्हणालो. "मलाच वाटलं, येत असेल."

मुलगा माझ्याकडे बघत राहिला. "तुम्हाला," तो म्हणाला, "आवाज..." पट्ट्या गोळा करून त्याने माझ्या पायाशी ठेवल्या. त्यानंतर त्याने माझ्याशी कामापुरतं बोलणं ठेवलं, आणि मला ऐकू येत नाही म्हणून तेही बहुतेक चिठ्ठीवर लिहून. भात झालाय. डॉक्टर चारला येतील. मी एकेक अक्षर जोडून वाचायचो आणि मान हलवायचो.

तो रोज फोन घेऊन तिच्या उशाशी बसायला लागला. आता दार लोटून बाहेर जात नसे, समोर बसून राहायचा. "आई, विहिरीचं परत सांग. आजोळचं सांग." ती म्हणायची, आता आठवत नाही. त्याचा हात हातात घेऊन म्हणायची, पडदा ओढ. पाणी कोमट आहे. उशी खाली गेलीय. आज कोण वार. तो ते सगळं टिपून ठेवायचा, रोज दोन ठिकाणी प्रती काढायचा आणि तिसरी खिशात घेऊन फिरायचा. अकरा दिवसांत असा दीड तास जमला. एकदा तिने त्याला पेपर आणायला सांगितला आणि माझ्याकडे द्यायला सांगितला. मी समजलो. स्टूल ओढून बसलो, चष्मा लावला, ओळीखाली बोट धरलं आणि तिला वाचून दाखवायला लागलो, मोठ्याने, अडखळत, बहिरे बोलतात तसं. ती माझ्या बोटाकडे बघत होती. मुलाच्या फोनमध्ये तेही आहे, माझा आवाज आणि तिचं एकदाच म्हटलेलं, पुरे.

बायको एप्रिलच्या सव्वीस तारखेला, रविवारी, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी वारली.